मांजराच्या कुंडीतला गहू

नोकरी गेल्यावर माणसानं काय काय करावं, याची यादी माझ्या नवऱ्यानं फ्रिजवर चिकटवली होती. रेझ्युमे अपडेट करणे, जुन्या मॅनेजरला मेसेज टाकणे, रोज पाच ठिकाणी अप्लाय करणे. ‘स्लाव लोक धान्याच्या दाण्याला काय म्हणत ते शोधणे’ असं काही त्या यादीत नव्हतं. तरी अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या आमच्या भाड्याच्या टाउनहोममध्ये, डायनिंग टेबलाशी बसून, त्या नवरात्रात मी मुख्यतः तेच केलं. त्याला कारण शेजारच्या आजींचं मांजर.

पण आधी परिस्थिती सांगते. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असं माझ्या स्वभावाला मानवणारं काम. सप्टेंबरात कंपनीनं आमची अख्खी टीमच एका व्हिडिओ कॉलवर मोकळी केली. माझा व्हिसा त्या नोकरीवर, आणि नवऱ्याचा व्हिसा माझ्या व्हिसाच्या शेपटीला बांधलेला. साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली तर राहायचं, नाहीतर नऊ वर्षांचा संसार आवरून घरी. मला घरी जायचं नव्हतं. लोकांना मी ‘बघू, जे होईल ते’ असं म्हणत होते, पण ते साफ खोटं होतं. रात्री उठून मी उरलेले दिवस मोजत बसायचे.

त्याच वेळी सासूबाई आमच्याकडे होत्या. सासरे गेल्यापासून सांगलीच्या घरात त्या एकट्याच, म्हणून जुलैत त्यांना सहा महिन्यांसाठी आणलं होतं. नोकरीची बातमी कळल्यावर त्यांनी डोळ्यांत पाणी वगैरे आणलं नाही. एवढंच म्हणाल्या, “या वर्षी इथंच घट बसवू. काय ते देवी सांगेल.”

“म्हणजे कसं सांगेल, आई?”

“घट चांगला आला की समजायचं.”

घट म्हणजे कोपऱ्यात मातीचा थर, मध्ये कलश, आणि भोवती पेरलेला गहू. नऊ दिवसांत बोटभर हिरवी रोपं यायला हवीत. मी देवभोळी नाही. पण साठ दिवसांचं घड्याळ डोक्यावर टिकटिकत असलं की माणूस कशालाही हो म्हणतो, आणि मीही म्हटलं.

माती दुकानातून पिशवीतली आणली. सासूबाईंनी ती चिमटीत धरून हुंगली. “ही माती आहे की चहाचा चोथा?” तरी त्यांनी ती परातीत पसरली. अखंड दिवा लावला, मग छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला, मग नवऱ्यानं खुर्चीवर चढून त्याची बॅटरी काढली, आणि आमचं नवरात्र एकदाचं सुरू झालं. गहू मीच दिला. पँट्रीत मोठ्या बरणीत होता. मागच्या वेळी सासूबाई आल्या तेव्हा इथल्या कणकेला प्लास्टर म्हणाल्या होत्या, म्हणून घरी दळायच्या इराद्यानं आणलेला. दळायचं मशीन आजतागायत खोक्याबाहेर आलेलं नाही.

पहिल्या दिवशी काही दिसलं नाही, ते ठीकच. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी सांगलीहून नणंदेचा व्हिडिओ कॉल आला, “घट बघू!” म्हणून. सासूबाईंनी फोन इतक्या शिताफीनं वर धरला, की तिला फक्त झेंडूची माळ दिसली. चौथ्या दिवशी त्या जेवताना एकदाही मीठ-तिखटाबद्दल काही बोलल्या नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरले.

दुपारी त्या त्यांच्यासारख्याच मुलांकडे पाहुण्या आलेल्या काकूंबरोबर तळ्याभोवती फिरायला गेल्या. मी गव्हाची बरणी काढली. टेस्टर असल्यामुळे मी घरातल्या प्रत्येक डब्यावर लेबल लावते. बरणीवर माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘गहू. जून. तीन मिनिटं मायक्रोवेव्ह केला.’

इथल्या मराठी घरांत हे सगळेच करतात. रव्यात, रवा कशाला, कशातही एकदा पोरकिडे दिसले की गृहिणी हात धुऊन मागे लागते. कोणी डबे फ्रीझरमध्ये कोंबतं, कोणी मायक्रोवेव्हमध्ये फिरवतं. मी जूनमध्ये पँट्रीतलं सगळं फिरवलं होतं. किडे मेले होते आणि त्यांच्याबरोबर गव्हातला जीवही गेला होता. आम्ही चार दिवस आरत्या करत होतो त्या उकडलेल्या गव्हापुढे, आणि तो मारेकरी हात माझा होता.

सांगून टाकायला हवं होतं. पण ‘आई, तुमच्या देवीचं उत्तर मीच जूनमध्ये भाजून ठेवलं’ हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. शिवाय खरं सांगायचं तर अशुभ वाटत होतं. न उगवलेल्या घटाकडे बघून माझ्याच मनात यायला लागलं होतं, की संपलं, आता बॅगा काढा. मला तो घट हिरवा हवा होता.

शेजारच्या आजी क्रोएशियाच्या. तरुणपणी इथं आल्या, नवरा गेला, आता त्या आणि एक लठ्ठ नारिंगी मांजर. गेल्या ख्रिसमसला त्यांच्या खिडकीत मी एक बशी पाहिली होती. बशीत गव्हाची हिरवी रोपं, मध्ये मेणबत्ती, भोवती रिबीन. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, यांच्याकडेही घट बसतो की काय! आता सरळ जाऊन बेल वाजवली आणि सगळं सांगितलं.

आजींनी ऐकून घेतलं आणि गंभीरपणे मान हलवली. त्यांच्या गावीही असंच असतं म्हणाल्या. डिसेंबरात एका संतिणीच्या दिवशी बशीत गहू पेरायचा, ख्रिसमसपर्यंत तो जितका उंच आणि दाट येईल तितकं पुढचं वर्ष चांगलं. “आणि नाही आला तर?” मी विचारलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. “माझी आई चुलीमागं दुसरी बशी लपवून ठेवायची,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला एक डबा उघडून दाखवला. तपकिरी, टपोरा गहू. चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, “झर्नो.” म्हणजे दाणा. ‘झ’ आणि ‘र’ एकमेकांच्या मांडीवर बसवून, मध्ये स्वराला जागाच न ठेवता. मी तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा त्या हसल्या.

पण बी घेऊन मी काय करणार? पाच दिवस उरलेले. तेव्हा आजींनी बोटानं खिडकीकडे दाखवलं. तिथं एका पसरट कुंडीत त्याच गव्हाची चांगली वीतभर हिरवळ होती. मांजराला खायला. इथं मांजरांना पोट साफ राहायला असं गवत देतात. मांजर शेजारीच बसलं होतं आणि त्याला आमचं बोलणं कळत असावं, अशा नजरेनं माझ्याकडे बघत होतं.

“घेऊन जा,” आजी म्हणाल्या. “त्याला मी दुसरं पेरीन.”

घट एकदा बसवला की हलवायचा नसतो. ते पथ्य मी पाळलं, याची नोंद घ्यावी. कुंडीतला हिरवा गठ्ठा मुळांसकट बाहेर काढला, सुरीनं त्याच्या वड्या पाडल्या, आणि कलशाला धक्का न लावता एकेक वडी भोवती रचली. वर ती पिशवीतली ‘चहाचा चोथा’ माती भुरभुरवली. मग लक्षात आलं, की काल काहीच नव्हतं आणि आज वीतभर, म्हणजे चमत्कार जरा जास्तच होतोय. म्हणून नखं कापायच्या कात्रीनं सगळी रोपं बोटाच्या पेराएवढी कापली. कापलेलं गवत खिशात घातलं. सासूबाई फिरून आल्या तेव्हा मी लॅपटॉप उघडून अत्यंत मन लावून अप्लाय करत होते.

त्यांनी हातपाय धुतले, दिव्यात तेल घालायला गेल्या आणि तिथंच थबकल्या.  मग पदरानं डोळे पुसले. मी खुर्चीवरून बघत होते आणि माझा ऊर भरून आला. खोटेपणा केला खरा, पण एका म्हाताऱ्या जिवाला आनंद दिला, असं वाटून मी स्वतःवरच खूश झाले.

“आई, आलं की हो!” मी म्हटलं.

“हो गं. आलं.” मग जरा वाकून बघत, “पण असं एकसारखं? कापल्यासारखं?”

“अमेरिकन गहू आहे, आई. इथं सगळं स्टँडर्ड साइझचं.”

त्या रात्रीही त्या दोन घास खाऊनच उठल्या. भक्तीनं गहिवरल्या असतील, असं मी नवऱ्याला सांगितलं. त्याला गवताबद्दल काही सांगितलं नव्हतं. त्याचा चेहरा म्हणजे उघडी खिडकी.

आता अंगावरचं ओझं उतरलं होतं, आणि ते ‘झर्नो’ काही डोक्यातून जाईना. यादीतलं एकही काम न करता मी त्या शब्दाच्या मागे लागले. इंटरनेटवर असल्या रिकामटेकड्यांसाठी भरपूर सोय आहे. रशियनमध्ये ‘झेर्नो’, पोलिशमध्ये ‘झ्यार्नो’, चेक आणि बल्गेरियनमध्ये आजींच्यासारखंच काहीतरी. या सगळ्यांचा मूळ शब्द हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या स्लाव लोकांच्या, म्हणजे या सगळ्यांच्या पूर्वजांच्या, तोंडी होता म्हणे. तो छापताना त्याच्यापुढे एक छोटी चांदणी काढतात. चांदणीचा अर्थ असा, की हा शब्द कोणी लिहून ठेवलेला सापडलेला नाही. लेकी बघून आईचे नाकडोळे कसे असतील, असा तो अंदाज. माझ्या नोकरीत एवढ्या पुराव्यावर कोणी काही पास केलं नसतं.

त्या आईच्याही मागे आणखी जुनी आजी आहे, आणि तिचा गोतावळा बघून मी थक्क झाले. लॅटिनकडून आलेला ‘ग्रेन’ तिचाच. सकाळी नवरा खातो तो ग्रॅनोला, किचनचा ओटा ज्याचा आहे तो ग्रॅनाइट, डाळिंबाचा ‘पोमग्रॅनेट’, इतकंच काय, लढाईतलं ग्रेनेडसुद्धा. जर्मन अंगानं आलेला ‘कॉर्न’ तिचा. म्हणजे ज्या मक्याच्या शेतांतून आम्ही दर वीकएंडला ड्राइव्ह करतो, तो शब्दानं आजींच्या ‘झर्नो’चा मावसभाऊ. आणि ‘कर्नल’, दाण्याचा गाभा, ज्याच्या नावानं कॉम्प्युटरच्या पोटातली मुख्य गोष्ट ओळखतात, ती तपासण्यात माझी नऊ वर्षं गेलेली. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

मग मी आपल्याकडचा वाटा बघायला गेले. मोठ्या आशेनं. जगाला धान्य वाटणाऱ्या बाईनं आपल्याला काय दिलं असेल? तर ‘जीर्ण’. आणि ‘जरा’, म्हणजे म्हातारपण. आणि आपला साधा ‘जुना’. आणि ‘अजीर्ण’.

मी चिडलेच. सगळ्या भाचरांना दाणे आणि आम्हाला म्हातारपण आणि पोटदुखी! सासूबाई शेजारी बसून वाती वळत होत्या. मी तावातावानं त्यांना सगळं सांगितलं. पंडितांचं यावर एकमत नाही, असंही सांगितलं. कोणी म्हणतं मूळ अर्थ घासणं, दळलं जाणं. कोणी म्हणतं मूळ अर्थ पिकणं.

“यात शोधायचं काय?” सासूबाई वात वळता वळता म्हणाल्या. “पीक पिकतं आणि केसही पिकतात. शेतातलं पिकलं की लोक घरी आणतात.” मग पुढचा कापूस हातात घेत, “माणसाचं मात्र तसं नसतं.”

मी तेव्हा पहिल्या अर्ध्या भागावर इतकी खूश झाले, की पुढचं नीट ऐकलंच नाही. पंडितांचं भांडण माझ्या सासूनं वाती वळताना मिटवलं, असं मी नवऱ्याला सांगत सुटले. तो म्हणाला, “ग्रेट, यार. पण आज किती ठिकाणी अप्लाय केलंस?”

सातव्या दिवशी मांजर आलं.

बाहेर ऊन होतं म्हणून मागचं सरकतं दार उघडं ठेवलं होतं. ते कधी आमच्या घरात यायचं नाही. त्या दिवशी मात्र आपल्याच घरात यावं तसं आत शिरलं, सोफ्याकडे नाही, किचनकडे नाही, थेट कोपऱ्यात गेलं, आणि देवीपुढे बसून घट खायला लागलं. शांतपणे, मान तिरकी करून, एकेक पातं. दिव्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी “शुक शुक” करत धावले, आणि त्याच वेळी आजी दारात.

“सॉरी, सॉरी!” त्या म्हणाल्या. “त्याला वास येतो. त्याचंच गवत आहे ना!”

सासूबाईंना बोलायला जमत नसलं, तरी इंग्रजी त्यांना चांगलं समजतं. त्यांनी आजींकडे बघितलं, मांजराकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. शाळेत कॉपी करताना पकडलं होतं तेव्हाही माझे कान इतके तापले नव्हते. मी सगळं ओकून टाकलं. बरणी, लेबल, तीन मिनिटं, कुंडी, वड्या, नखांची कात्री.

“गहू मायक्रोवेव्हमध्ये घातलास?”

“पोरकिडे झाले होते, आई. नाही, होतील असं वाटलं होतं.”

“म्हणजे आधी उगवलं नाही, ते त्यामुळं?”

“हो.”

“आणि मग उगवलं ते या मांजराचं?”

“हो. सॉरी, आई.”

“म्हणजे देवीचा यात काही संबंधच नाही?”

“अजिबात नाही,” मी म्हटलं. “शपथेवर सांगते.”

सासूबाई हसायला लागल्या. आधी हळू, मग पदर तोंडाशी धरून, मग आजींच्या खांद्याला धरून. आजींनाही हसू आवरेना. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी डोळे पुसत होत्या. मांजरानं तेवढ्यात आणखी एक वडी संपवली. मी मेल्याहून मेल्यासारखी उभी होते आणि तरी मला बरं वाटत होतं. केवढ्या मोठ्या मनाची बाई, मी स्वतःशी म्हटलं. दुसरी कोणी असती तर वर्षभर टोमणे मारले असते.

त्यानंतर सासूबाईंची कळाच बदलली. जेवायला लागल्या. मीठ कमी, तिखट जास्त, सगळं पुन्हा सुरू झालं. आजींना बोलावून गव्हाची खीर खाऊ घातली, खसखस आणि गूळ घालून. आजी म्हणाल्या आमच्या शेजारच्या देशांत ख्रिसमसला अशीच करतात, फक्त मध घालून. सासूबाई मांजराला ‘काय हो पुजारी’ म्हणून हाक मारायला लागल्या. भावाला सांगलीला फोन लावून बाल्कनीत बराच वेळ हळू आवाजात बोलत असायच्या. मला वाटलं, माझी फजिती रंगवून सांगत असतील.

मीही शेवटी यादीकडे वळले. नवरात्राआधी दिलेल्या दोन इंटरव्ह्यूंपैकी एक चांगला झाला होता. मी कोणाला काही बोलले नाही, पण त्या दोन दिवसांत मी फोन उशाशी, ओट्याशी, बाथरूममध्ये, सगळीकडे घेऊन फिरत होते.

दसऱ्याच्या सकाळी मेल आली. नोकरी मिळाली होती, व्हिसाचं सगळं ते बघणार होते. मी ती तीनदा वाचली.  नवरा दुकानात गेला होता. म्हटलं पहिल्यांदा आईंनाच सांगावं, आणि मी तशीच फोन घेऊन बाहेरच्या खोलीत धावले.

सासूबाई घट उठवत होत्या. मांजरानं सोडलेली दहा-बारा पाती त्यांनी खुडून हातात धरली होती. मला बघून म्हणाल्या, “ये, इकडे बस. केसात घालते.” मी पाठ करून खाली बसले. त्यांनी माझ्या अंबाड्यात दोन पाती खोवली.

“एक सांगते. रागावू नकोस हं.”

“नाही हो.”

“मी देवीला सांगितलं होतं, उगवू देऊ नकोस म्हणून.”

मी मान वळवायला गेले, पण त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं.

“पाणीसुद्धा बेतानंच घालत होते पहिले चार दिवस. पाप वाटत होतं. तू कष्टानं मिळवलेलं सगळं, आणि मी असं मागतेय. जेवण जात नव्हतं. पण वाटायचं, नाही मिळाली नोकरी तर येतील दोघं. घर भरेल. मग त्या दिवशी फिरून आले आणि बघते तर हिरवंगार. मला रडूच आलं गं. म्हटलं, झालं, आता नाही येत ही माणसं.” त्या हसल्या. “आणि मग ते मांजर आलं. देवीचा काही संबंधच नाही म्हणालीस. इतकं बरं वाटलं मला. त्याच दिवशी भावाला फोन केला. वरची तुमची खोली रंगवायला घेतली आहे. कालच एक हात मारून झाला.”

फोन माझ्या मांडीवर होता, मेल तशीच उघडी. मी तो पालथा घातला.

“रंग कोणता सांगितलात, आई?”

“फिकट पिवळा,” त्या म्हणाल्या. “तुला आवडतो ना.”